अंशतः खरे आहे

डॉ. गिरिजा उमराणी जिल्हा आरोग्य अधिकारी होत्या तेव्हा
अधिवेशन तोंडावर आलं की माझ्या टेबलावर
सुतळीनं बांधलेले प्रश्न येऊन पडायचे.
तारांकित, अतारांकित.
तारे बघायला आम्हाला गच्चीवर जावं लागायचं नाही,
सांगलीत जिल्हा परिषदेचा दुसरा मजला पुरे.

बाई उभ्यानं मजकूर सांगायच्या,
मी टंकायचो.

हे खरे आहे काय?
अंशतः खरे आहे.
असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
कार्यवाही सुरू आहे.
नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.

म्हणून बाई वाईट होत्या असं नाही.
जतच्या पूर्वेला, जिथं मराठी दमून कन्नड होते,
तिथल्या उपकेंद्रांत त्या न सांगता जायच्या,
लसीच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून
बर्फ चाचपायच्या.
तापमानाच्या वहीत महिनाभर एकच आकडा एकाच शाईनं दिसला
की सिस्टरला नुसत्या म्हणायच्या, "पेन छान आहे."
त्यापेक्षा मेमो बरा.

मग कल्लव्वा.
वय तेवीस, दुसरं बाळंतपण.
जतला भूलतज्ज्ञाचं पद रिक्त, म्हणून मिरजेला पाठवली.
नागज फाट्याच्या अलीकडे गाडीतच.
दोघंही.

प्रश्न आला. बाई उभ्या होत्या.
"लिहा कोष्टी. सदर महिलेस वेळेत संदर्भित करण्यात आले होते."
मी लिहिलं.
"पुढचं तुम्हाला माहीत आहे."
मला माहीत होतं. लिहिलं.
चहा आला होता. त्यावर साय धरेपर्यंत
बाई त्या कपाकडं बघत राहिल्या
आणि त्याच खुर्चीत बसून, माझ्याकडून टंकून न घेता,
हातानं राजीनामा लिहिला.

प्रचारात फार चांगल्या नव्हत्या.
म्हातारी माणसं हात जोडायची,
बाई ते जोडलेले हात सोडवून
मनगट धरायच्या, घड्याळाकडं बघायच्या.
एका गल्लीत सव्वा तास.
कार्यकर्ते डोक्याला हात लावून बसायचे,
ढोलवाला दोनदा चहा पिऊन आला.
"साखर वाढलीय आजोबा" हे काय मत मागणं झालं?
तरी निवडून आल्या.
कुठल्या बाकावर बसल्या ते मला विचारू नका,
बाक जागेवर असतात, माणसं सरकतात.

डिसेंबरात नागपूरहून पत्र.
प्रश्नकर्त्या: डॉ. गिरिजा उमराणी.
जत येथे भूलतज्ज्ञाचे पद सहा वर्षांपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय?

नवे साहेब चांगले आहेत, तरुण आहेत.
म्हणाले, "कोष्टी, जुनं काही असेल बघा की."
होतं.
फाईल काढली, तारीख बदलली,
पाच वर्षांची सहा केली.
एवढंच हातानं केलेलं काम.
बाकी सगळं बाईंचं,
पूर्णविरामासकट.

रात्री साडेअकराला फोन वाजला.
मागं आमदार निवासातला गलका,
कुणीतरी हुरड्याच्या पार्टीला बोलावत होतं.
"उत्तर तुम्हीच लिहिलंत ना?"
मी म्हणालो, अंशतः.
बाई हसल्या. पहिल्यांदाच ऐकलं त्यांचं हसणं,
खोकल्यासारखं.
मग म्हणाल्या, "मी आज सभागृहात उठून
उपप्रश्न विचारणार होते.
कागद हातात घेतला तर
माझंच अक्षर वाचल्यासारखं वाटलं.
तोवर पुढचा क्रमांक पुकारला."

मी गप्प.

"कोष्टी, 'संदर्भित'वरचा अनुस्वार राहिलाय.
मी असते तर परत पाठवलं असतं."

मी म्हणालो, पाठवा की बाई.
आता तरी परत पाठवा.

पलीकडं बराच वेळ काहीच नाही.
मी माझंच मनगट धरून बसलो होतो,
ठोके मोजत होतो,
अठ्ठ्याऐंशीपर्यंत आलो होतो.